वर्डप्रेसची थीम अपडेट करायची आहे, पण त्यात हाताने केलेले बदल जाऊ द्यायचे नाहीत

केळीगट_यावल

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचा हिशेब पाहते, आणि गटाची वेबसाइटही आता माझ्याकडेच आली आहे. गटातल्या एका सभासदाच्या मुलाने कॉलेजात असताना ती मन लावून बनवून दिली. तो आता नोकरीला पुण्यात असतो. दर वेळी त्याला फोन करून अडवणं मला बरं वाटत नाही, म्हणून इथे विचारते.

साइट साधीच आहे, पण आमच्या लोकांच्या रोजच्या कामाची आहे. सकाळी आम्ही रावेर आणि बऱ्हाणपूरचे केळीचे भाव टाकतो. नवती, पिलबाग, कांदेबाग असे बागेच्या प्रकारानुसार वेगवेगळे. वरच्या हिरव्या पट्टीत तेच भाव सरकत असतात आणि 'आजचे भाव' या पानावर पूर्ण तक्ता असतो. जुलै-ऑगस्टात सीएमव्ही रोगाची लक्षणं दाखवणारे फोटो असलेलं पान सगळ्यात जास्त उघडलं जातं. बहुतेक जण बागेतच उभं राहून मोबाइलवर पाहतात, आणि बांधावर नेट कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता अडचण. होस्टिंगवाल्यांचा मेल आला आहे की पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती) ७.४ बंद होणार, सगळ्यांना ८.२ वर नेणार. डॅशबोर्डात थीमचं, म्हणजे साइटचं दिसणं ठरवणाऱ्या साच्याचं, अपडेटही खूप दिवसांपासून दिसतंय. थीम फुकटची आहे, वर्डप्रेसच्याच संग्रहातली. त्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "काकू, काही बदल मी थेट थीमच्या फाइलींमध्ये केलेत, काही कस्टमायझरमध्ये, म्हणजे डॅशबोर्डातून दिसणं बदलायच्या पानावर. नेमकं काय कुठे ते आता आठवत नाही." अपडेटचं बटण दाबलं तर यातलं काय राहील आणि काय जाईल? आणि चाइल्ड थीम म्हणतात ती आता, एवढ्या उशिरा, करता येते का? मला कोड लिहिता येत नाही, पण वाचून कुठे काय आहे ते हळूहळू समजतं. सांगाल तसं करायची तयारी आहे.

भुसावळ_जंक्शन

ताई, माझं मत सरळ आहे. चालत्या गाडीला खीळ घालू नका. साइट चालतेय, शेतकऱ्यांना भाव दिसताहेत, मग थीमला हात कशाला लावायचा? होस्टिंगवाल्यांना विनंती करा की आमचं ७.४ चालू ठेवा. काही जण ठेवतात. अपडेटच्या सूचना बंद करायचं प्लगिनही मिळतं.

पांझराकाठ_धुळे

भाऊ, तुमची काळजी खरी आहे, पण हा सल्ला ताईंना पुढे महागात पडेल. पीएचपी ७.४ ला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं. होस्टिंगवाल्याने आज मुदत दिली तरी उद्या तो ते काढणारच, आणि त्या दिवशी जुनी थीम एकदम ८.२ वर जाऊन पडेल. थीमचे लेखक नव्या पीएचपीसाठीच्या दुरुस्त्या नव्या आवृत्तीत टाकतात. म्हणून क्रम असा हवा: आधी थीम, मग पीएचपी. दोन्ही एकाच दिवशी करू नका. काही बिघडलं तर ते थीममुळे की पीएचपीमुळे, हे कळायला मार्ग उरत नाही.

ताई, मी धुळ्यात शाळा, पतसंस्था, वाचनालयं अशांच्या लहान साइट सांभाळतो. तुमच्यासारखी स्थिती मी फार वेळा पाहिली आहे. कोणीतरी आपुलकीने साइट करून देतं, मग ते माणूस दुसऱ्या गावी जातं, आणि मागे राहिलेल्याला बटण दाबायची भीती वाटते. ही भीती जाते ती एकाच गोष्टीने: कोणता बदल कुठे राहतो हे ठाऊक असलं की. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वर्डप्रेसमध्ये बदल राहायच्या जागा दोन. एक, सर्व्हरवरच्या फाइली. थीम म्हणजे डब्ल्यूपी-कन्टेन्टमधल्या थीम्स फोल्डरातलं एक फोल्डर. दोन, डेटाबेस. तुमचे लेख, पानं, मेनू, कस्टमायझरमधले रंग, लोगो, 'अॅडिशनल सीएसएस'च्या (रंग-आकाराच्या जादा सूचनांच्या) चौकटीत लिहिलेलं सगळं डेटाबेसात असतं.

अपडेट दाबल्यावर वर्डप्रेस थीमचं जुनं फोल्डर अख्खं काढून टाकतं आणि त्याच जागी नवं ठेवतं. इथे पुष्कळांचा गैरसमज असतो. त्यांना वाटतं, बदललेल्या फाइलीच तेवढ्या पुन्हा लिहिल्या जातील आणि आपण नव्याने ठेवलेली फाइल तशीच राहील. तसं होत नाही. त्या मुलाने भावाच्या तक्त्यासाठी थीमच्या फोल्डरात वेगळी फाइल ठेवली असेल, किंवा पट्टीसाठी एखादं चित्र ठेवलं असेल, तर तेही जाणार. डेटाबेसातल्या कशालाही मात्र धक्का लागत नाही.

तेव्हा आज अपडेटला हात लावू नका. आधी ही कामं करा.

सगळ्यात आधी सेटिंग्जमध्ये जनरल उघडा आणि प्रशासकाचा ईमेल कोणाचा आहे ते पाहा. माझा अंदाज आहे की तो अजून त्या मुलाचा असेल. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये सोय आहे: थीम किंवा प्लगिनमुळे साइट कोसळली तर प्रशासकाला मेल जातो आणि त्यातल्या खास दुव्यावरून आत शिरून बिघडलेली गोष्ट बंद करता येते. तो मेल पुण्याला जाऊन उपयोग नाही, यावलला यायला हवा. तुमचा पत्ता घाला. नव्या पत्त्यावर खात्रीचा मेल येईल, त्यातला दुवा दाबेपर्यंत बदल पक्का होत नाही.

मग बॅकअप. फाइली आणि डेटाबेस दोन्ही. अपड्राफ्टप्लसचं फुकट प्लगिन पुरेसं आहे, ते बॅकअप गुगल ड्राइव्हवर ठेवतं. सर्व्हरवरच ठेवलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही. शिवाय सीपॅनलच्या, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण पानाच्या, फाइल मॅनेजरमधून थीमचं फोल्डर कॉम्प्रेस करून त्याची झिप स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्या. पुढचं काम याच झिपवर आहे.

आता त्या मुलाला जे आठवत नाही ते आपण शोधून काढू. तुमची थीम वर्डप्रेसच्या संग्रहातली आहे हे फार चांगलं, कारण तिथे जुन्या आवृत्त्याही मिळतात. थीम उतरवायच्या दुव्यात थीमच्या नावापुढे टिंब देऊन आवृत्तीचा आकडा असतो. तिथे तुमच्याकडे आज चालू आहे तोच आकडा घाला. ही झाली कोरी प्रत. मग विनमर्ज नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, एका बाजूला कोरी प्रत, दुसऱ्या बाजूला तुमची. कोणत्या फाइली बदलल्या, कोणत्या जास्तीच्या आहेत आणि फाइलीत कोणती ओळ वेगळी आहे, हे सगळं रंगवून दाखवतं. कोड लिहिता येत नसला तरी हे काम होतं.

एक पथ्य पाळा: तुलना त्याच आवृत्तीशी करायची, नव्या आवृत्तीशी नाही. नव्याशी केली तर लेखकाने दोन वर्षांत केलेले शेकडो बदलही रंगून येतील आणि त्यात तुमचे चार बदल हरवतील.

ते काढून इथे लिहा, मग पुढचं सांगतो. आणि हो, चाइल्ड थीम उशिराही करता येते. ती म्हणजे फक्त आपले बदल ठेवायचं वेगळं फोल्डर, बाकी सगळं ती मूळ थीमकडून घेते. केळीच्या खोडाशी पील येतं तशीच ती असते, आईच्या मुळांवर जगते. फरक एवढाच की पील काढून दुसरीकडे लावता येतं, चाइल्ड थीमला ते जमत नाही. मूळ थीम डिलीट केली की चाइल्ड बंद पडते. म्हणून चाइल्ड चालू झाल्यावर 'ही मूळ थीम तर वापरात नाही' असं समजून कोणी ती काढू नये, हे गटातल्या ज्यांच्याकडे पासवर्ड आहे त्या सगळ्यांना सांगून ठेवा.

केळीगट_यावल

दादा, एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं. मनापासून आभार. ईमेल खरंच त्या मुलाचाच होता, तो बदलला. बॅकअप झाला. विनमर्जमध्ये दोन्ही प्रती लावल्या. हे निघालं:

हेडरच्या फाइलीत भावाची हिरवी पट्टी घातलेली आहे. फुटरच्या फाइलीत थीम बनवणाऱ्यांची ओळ काढून गटाचा पत्ता लिहिला आहे. फंक्शन्स.पीएचपीच्या अगदी तळाशी बराच मजकूर वाढवलेला आहे, त्यात भाव आणणारा शॉर्टकोड आणि व्हॉट्सॲपचं बटण आहे. स्टाइल.सीएसएसमध्ये रंग बदललेत. जास्तीची फाइल एक: पेज-भाव.पीएचपी, नाव इंग्रजी अक्षरांत. आणि चित्रांच्या फोल्डरात केळीच्या घडाचं एक चित्र आहे, ते वरच्या पट्टीत दिसतं. त्याखालीच जळगावच्या केळीला २०१६ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची ओळ आहे. ती ओळ आमच्या सभासदांना फार प्रिय आहे, ती जायला नको.

अॅडिशनल सीएसएसच्या चौकटीतही पुष्कळ काही आहे.

पांझराकाठ_धुळे

छान काम केलंत ताई. चित्र आता स्पष्ट झालं. मुलाने कामही नेटकं केलं आहे, सगळं एका ठिकाणी तळाशी लिहिलंय. आता यातली प्रत्येक गोष्ट तिच्या योग्य जागी नेऊ. सगळं काही चाइल्ड थीममध्ये कोंबायचं नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

भावाचा शॉर्टकोड (पानात चौकटी कंसात लिहिला की त्या जागी भाव आणून ठेवणारा छोटा शब्द) थीममध्ये नकोच. तो तुमच्या साइटचा प्राण आहे, तिच्या दिसण्याशी त्याचा संबंध नाही. पुढे कधी थीम बदलली तर पानांवर भावाऐवजी चौकटी कंसातला नुसता शॉर्टकोड दिसेल. त्याचं छोटं प्लगिन करा. डब्ल्यूपी-कन्टेन्टच्या प्लगिन्स फोल्डरात एक फोल्डर, त्यात एक पीएचपी फाइल, फाइलीच्या माथ्यावर टिप्पणीत 'प्लगिन नेम' असं लिहून पुढे नाव. त्याखाली विनमर्जने दाखवलेल्या त्याच ओळी. व्हॉट्सॲपचं बटणही तिथेच जाऊ द्या.

पण लक्षात घ्या, प्लगिन चालू करायच्या आधी थीममधल्या फंक्शन्स.पीएचपीतून त्या ओळी काढाव्या लागतील. एकाच नावाचं फंक्शन दोन ठिकाणी असलं की पीएचपी तिथेच थांबतं. म्हणून हे सगळं थेट चालू साइटवर करू नका. सीपॅनलमध्ये स्टेजिंगची, म्हणजे करून पाहायला साइटची वेगळी प्रत ठेवायची, सोय आहे का पाहा, बऱ्याच होस्टिंगवर असते. नसेल तर लोकल नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून साइटची प्रत तिथे उभी करा. स्टेजिंग केलंत तर सेटिंग्जमध्ये रीडिंगखाली सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण करा, नाहीतर तुमचे शिळे भाव गुगलवर दिसतील आणि एखादा शेतकरी त्यावर सौदा करून बसेल.

आता चाइल्ड थीम. थीम्स फोल्डरात नवं फोल्डर करा. त्यात किमान एक फाइल लागते, स्टाइल.सीएसएस, आणि तिच्या माथ्यावर दोन ओळी: 'थीम नेम'पुढे तुमचं नाव आणि 'टेम्प्लेट'पुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव. फोल्डरचं नाव हुबेहूब हवं, लहान अक्षरं आणि मधली आडवी रेघ यांसकट. डॅशबोर्डात दिसणारं सुंदर नाव नाही, सर्व्हरवरचं फोल्डर. हे चुकलं तर 'मूळ थीम सापडत नाही' असं दाखवतं. 

दुसरी फाइल फंक्शन्स.पीएचपी. इथे मूळ थीमची फाइल कॉपी करायची नाही! बाकीच्या फाइलींचा नियम असा की चाइल्डमध्ये त्या नावाची फाइल असली तर मूळची वापरलीच जात नाही. फंक्शन्सचं तसं नाही. दोन्ही चालतात, आधी चाइल्डची, मग मूळची. कॉपी केली तर तीच दोनदा आलेल्या फंक्शनची अडचण उभी राहते. चाइल्डच्या फाइलीत फक्त स्वतःची स्टाइल.सीएसएस जोडणारा तुकडा लिहायचा. वर्डप्रेसच्या थीम हँडबुकमध्ये तो तयार आहे. स्टेजिंगवर चाइल्ड चालू केल्यावर साइट अगदी उघडीबोडकी दिसली, नुसता मजकूर एकाखाली एक, तर समजा की मूळ थीमची स्टाइल जोडली गेली नाही. मग त्याच तुकड्यात मूळच्या स्टाइलचीही ओळ घाला. काही थीम स्वतःची स्टाइल आपण होऊन जोडतात, काही जोडत नाहीत, म्हणून दोन्ही वाटा सांगून ठेवल्या.

हेडरची फाइल कॉपी करून चाइल्डमध्ये ठेवली तर हिरवी पट्टी येईल. पण मी ते करणार नाही. कॉपी केलेली फाइल त्या दिवशीच गोठते. पुढे मूळ थीमच्या लेखकाने मोबाइल मेनूत दुरुस्ती केली, तरी तुमच्याकडे जुनंच हेडर चालू राहणार. त्यापेक्षा 'डब्ल्यूपी बॉडी ओपन' नावाचा हुक, म्हणजे थीमने आपला कोड अडकवायला ठेवलेली जागा, वापरा. तोही ५.२ पासूनचा आहे आणि पानाच्या मुख्य भागाच्या अगदी सुरुवातीला हवं ते छापू देतो. तुमच्या थीमच्या हेडरमध्ये तो आहे ना, एवढं शोधून पाहा. असला तर पट्टीचा मजकूर त्याला बांधा आणि हेडरला हात न लावता पट्टी मिळेल. फुटरच्या ओळीसाठीही आधी कस्टमायझर धुंडाळा, नव्या आवृत्तीत तिथेच सोय असू शकते.

पेज-भाव.पीएचपी मात्र जशीच्या तशी चाइल्डमध्ये ठेवा. नावावरून वर्डप्रेस ती आपोआप उचलतं. केळीच्या घडाचं चित्र मीडिया लायब्ररीत चढवा आणि कोडमध्ये तिथला पत्ता घाला. चित्र थीमच्या फोल्डरात ठेवायचं कारणच नाही.

राहिली कस्टमायझरची गोष्ट. इथेच लोक दचकतात. डेटाबेसातलं काही जात नाही असं मी वर म्हटलं, पण कस्टमायझरची बहुतेक मांडणी आणि अॅडिशनल सीएसएस त्या त्या थीमच्या नावाने साठवलेलं असतं. चाइल्ड चालू करताच लोगो गायब, रंग गायब, चौकट रिकामी. काहीही पुसलं गेलेलं नसतं. मूळ थीमवर परत गेलात तर सगळं जागच्या जागी दिसतं. चाइल्डच्या नावाने मात्र ते नव्याने भरावं लागतं. म्हणून आधीच अॅडिशनल सीएसएस कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवा. कस्टमायझर एक्स्पोर्ट-इम्पोर्ट नावाचं प्लगिन आहे, त्याने मूळवरून निर्यात करून चाइल्डवर आयात करता येते. मेनू आपापल्या जागी आहेत का, तेही डोळ्यांनी तपासा.

एवढं स्टेजिंगवर झालं की तिथेच मूळ थीम अपडेट करा. पट्टी, तक्ता, शॉर्टकोड, बटण, चित्र, फुटर सगळं नीट असलं तर तेच क्रमाने चालू साइटवर. वेळ दुपारची निवडा, सकाळी भाव पाहायच्या वेळी अजिबात नको. नंतर कॅशे (पानांची साठवून ठेवलेली जुनी प्रत) रिकामा करा, नाहीतर तुम्हाला नवं दिसेल आणि शेतकऱ्यांना जुनं.

परत फिरायची वेळ आली तर ५.५ आवृत्तीपासून सोय सोपी आहे. थीम चढवायच्या पानावर जुन्या आवृत्तीची झिप द्या, वर्डप्रेस दोन्ही आवृत्त्या शेजारी मांडून विचारतं आणि हो म्हटलं की जुनी परत बसवतं. आणि ट्वेन्टी ट्वेन्टी-फाइव्हसारखी एखादी वर्डप्रेसची स्वतःची थीम कायम असू द्या. तुमची थीम अगदीच उघडेना, तर तिच्या फोल्डरचं नाव बदलल्यावर वर्डप्रेसला टेकायला दुसरी थीम लागते.

अक्षर_अमळनेर

पांझराकाठ भाऊंनी सगळं सांगितलंच आहे. ताई, चाइल्ड थीम करतच आहात तर अक्षरांकडेही पाहा, ही विनंती. मी अमळनेरला छपाईच्या अक्षरजुळणीचं काम करते आणि आपल्या भागातल्या साइटवरची मराठी वाचताना जीव तुटतो. थीम बहुतेक रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. शीर्षकांना दोन अक्षरांमध्ये जागा सोडलेली असते. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. चाइल्डच्या स्टाइलमध्ये शीर्षकांचं 'लेटर स्पेसिंग' शून्य करा, हे सगळ्यात आधी.

मग ओळींमधलं अंतर. इंग्रजीला पुरेसं असलेलं अंतर आपल्याला अपुरं पडतं, कारण आपल्या अक्षरांना वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात. मजकुराला अक्षराच्या आकाराच्या १.७ पट आणि शीर्षकाला १.४ पटीच्या खाली जाऊ नका.

फाँट निवडताना एकच शब्द टाकून पाहा: 'शेतकऱ्यांच्या'. तुमच्या साइटवर तो जागोजागी असणार. त्यातला अर्धा र नीट आला नाही किंवा पाय मोडका दिसला, तर तो फाँट आपल्या कामाचा नाही. मजकुराला मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आणि मोबाइलवर स्वच्छ. शीर्षकांना तिरो देवनागरी मराठी घेतलात तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे मिळतील. साइटची भाषा सेटिंग्जमध्ये मराठी ठेवा. मराठी वळण सोबत असलेल्या फाँटांना त्यावरूनच कळतं की हिंदी नव्हे, मराठी आकार दाखवायचे.

बांधावरच्या नेटचं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते, फाँटची दोनच वजनं ठेवा, साधं आणि ठळक. थीम कधीकधी सहा-सहा वजनं मागवते आणि तेवढा वेळ शेतकरी पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसतो. आणि ती सरकणारी पट्टी थांबवा, असं माझं मत आहे. वयस्कर माणसाला हातातल्या मोबाइलवर पळता आकडा टिपता येत नाही. भाव स्थिर असावा, मोठा असावा, आकडे उजवीकडे एका रेषेत असावेत.

भुसावळ_जंक्शन

पांझराकाठ भाऊ, क्रमाचं तुमचं म्हणणं पटलं. मूळ थीमचं ऑटो-अपडेट मग चालू ठेवायचं की नाही?

पांझराकाठ_धुळे

भाऊ, चाइल्डमध्ये मूळच्या फाइलींच्या प्रती नसतील, तर चालू ठेवायला हरकत नाही. प्रती असतील तर मी बंद ठेवतो आणि अपडेट आलं की थीमच्या पानावरची बदलांची नोंद वाचून हाताने करतो. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर त्याच दिवशी. अक्षर ताईंच्या स्थिर पट्टीला माझाही दुजोरा.

केळीगट_यावल

मंडळी, झालं! स्टेजिंग होस्टिंगवरच मिळालं. शॉर्टकोड आणि बटण प्लगिनमध्ये गेले, पट्टी हुकवर बसली. फुटरला नव्या आवृत्तीत कस्टमायझरमध्येच जागा निघाली, म्हणून फुटरची फाइल कॉपी करावी लागली नाही. चाइल्ड चालू केल्यावर लोगो गेला तेव्हा दादांनी आधीच सांगितलं होतं म्हणून हात थरथरला नाही. मग चालू साइटवर दुपारी सगळं केलं. मानांकनाची ओळ जिथल्या तिथे आहे. पट्टी स्थिर केली, मुक्ता लावला, भाव ठळक केले. गटाच्या बैठकीत ज्येष्ठ सभासद म्हणाले की आता चष्म्याशिवाय नवतीचा भाव दिसतो.

होस्टिंगवाल्यांच्या मुदतीआधी पीएचपी ८.२ ही केलं. त्यानंतर एक गोष्ट दिसतेय. कधीकधी पट्टीच्या वर इंग्रजीत लांबलचक ओळ येते, त्यात 'डेप्रिकेटेड' असा शब्द आणि आमच्या नव्या प्लगिनच्या फाइलीचं नाव असतं. रोज येत नाही. ज्या दिवशी लिलाव नसतो आणि मी भावाची जागा रिकामी ठेवते त्याच दिवशी येते. तक्त्यात मात्र तिथे ० दिसतो.

पांझराकाठ_धुळे

ताई, कारण तुम्हीच शोधून दिलंत, लिलाव नसलेला दिवस. आकड्यात स्वल्पविराम घालून देणारं पीएचपीचं एक फंक्शन त्या शॉर्टकोडमध्ये असणार. भाव रिकामा असला की त्याला काहीच मिळत नाही. ७.४ मध्ये ते मुकाट्याने ० छापायचं. ८.१ पासून ते ० छापतंच, पण हे असं चालणार नाही अशी ताकीदही देतं. साइट त्याने कोसळत नाही.

दोन कामं करा. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलीत डीबग, म्हणजे चुका पडद्यावर दाखवायची सोय, चालू राहिलेलं आहे, म्हणून ताकीद लोकांना दिसते. ते 'फॉल्स' करा. मग प्लगिनमध्ये त्या ओळीच्या आधी अट घाला: भाव रिकामा असेल तर 'आज लिलाव नाही' छाप, नसेल तर आकडा. ती आठ-दहा ओळींची जागा इथे चिकटवा, कंस कुठे येईल ते मी दाखवतो. शून्य भाव तक्त्यात एक दिवसही नको. बाहेरगावच्या व्यापाऱ्याने पाहिला तर त्याला वाटेल बाजार पडला.